जिन्यातला लाल ठिपका

शिवणकाम करणाऱ्या माणसाकडे लोक कापड देतात, विश्वास देत नाहीत. कापड टेबलावर उलगडलं की गिऱ्हाइकाची नजर कात्रीच्या टोकावर येऊन बसते. एवढ्यात फ्रॉक होऊन वर काही उरेल का, आणि उरलं तर ते कुठे जाईल, हे कुणी मोठ्याने विचारत नाही. बारीकताईंना मात्र ते ऐकू यायचं. म्हणून त्यांनी धंद्याच्या सुरुवातीलाच एक रीत पाडून घेतली होती. तयार कपड्याच्या घडीत एक लहानशी पिशवी ठेवायची, आणि त्या पिशवीत त्याच कापडाची सगळी कातरण, अगदी बोटभर चिंधीपर्यंत.

"अहो, हे कशाला?" गिऱ्हाईक म्हणायचं.

"असू द्या. झोप चांगली लागते," बारीकताई म्हणायच्या. झोप कुणाला, ते सांगायच्या नाहीत.

बारीकताई हे नाव गल्लीनं दिलेलं. टाके बारीक, हे त्याचं एक कारण. पण भाजी घेताना त्या तराजूचं पारडं उचलून खाली काही चिकटवलंय का ते बघायच्या आणि गॅसची टाकी आली की ती हलवून, कान लावून मगच आत घ्यायच्या, हेही कारण होतंच. ज्याच्या हाताकडे सगळे बघत असतात, त्याला इतरांच्या हाताकडे बघायची सवय लागते. त्यांच्या बाबतीत ही सवय इतकी जुनी झाली होती की तिचा त्यांना स्वतःला पत्ता नव्हता.

घर दोन मजली. नवऱ्यानं आणि धाकट्या दिरानं मिळून बांधलेलं. नवरा छापखान्यात होता, तो आता नाही. दीर वायरमन, लोकांच्या घरात वायरी ओढतो, दिवे बसवतो. या घराच्या भिंतींतल्या वायरीही त्यानंच घातल्या होत्या. खाली बारीकताई, वर दीर आणि त्याची बायको. जिन्याखालच्या काळोख्या कोपऱ्यात दोन मीटरं शेजारी शेजारी, एक खालचं, एक वरचं. प्रत्येकावर एक लाल ठिपका. वीज वापरली की तो लुकलुकायचा. जास्त वापरली की घाईघाईने, कमी वापरली की सावकाश.

दिराच्या बायकोला बारीकताई "धाकटी" म्हणत. संध्याकाळचा स्वयंपाक उरकला की धाकटी खाली यायची आणि कापायच्या टेबलाजवळच्या ठेंगण्या स्टुलावर बसायची. बसल्या बसल्या आधी एक काम करायची. पुड्यातल्या सुया काढून एकेकीत दोरा ओवायची, काळा, पांढरा, निळा, आणि उशीवर ओळीनं टोचून ठेवायची. बारीकताईंना गेली काही वर्षं सुईचं नेढं दिसत नव्हतं. मशीनवरची सुई त्या अंदाजाने, बोटांच्या सवयीने ओवत. हातशिलाईच्या सुईपुढे मात्र त्यांची बोटं हरली होती. दुसऱ्या दिवसाला पुरतील एवढ्या सुया धाकटी ओवून ठेवायची, मग बटणं लावायला घ्यायची. हे गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं. दोघी त्याबद्दल बोलतही नसत. बोलायच्या ते भलतंच.

"ताई, या बटणाला चारच भोकं आहेत, तुम्ही सहा वेळा दोरा घालायला लावता."

"तुझ्या हातचं बटण आहे ते. चारावर राहिलं तर दारातच गळेल."

"मग गळू दे की. पुन्हा लावायला येईल, धंदा वाढेल."

"असेच तुझा नवरा दिवे बसवतो वाटतं?"

धाकटी हसायची. नवऱ्यावर कुणी बोललेलं तिला आवडायचं, फक्त त्यात खोट असू नये.

त्या वर्षी बारीकताईंच्या घरात बऱ्याच वस्तू आल्या. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. आईला एकटं वाटू नये म्हणून तिनं मोठा टीव्ही आणला, त्याच्याबरोबरचा चॅनेलांचा डबा आला, फोनवर चेहरा दिसावा म्हणून नेटचा डबा आला, अन्न गरम करायचा ओव्हन आला. मशीनची जुनी मोटरही तिनं बदलून दिली. जुनी मोटर बटण दाबल्यापासून गुरगुरत राहायची, शिवा अगर न शिवा. गुरगुर नको वाटली की बारीकताई बटण बंद करायच्या. नवी मोटर मुकी होती. पाय दाबला तरच चालायची, पाय उचलला की गप्प. बारीकताईंनी तिच्या बटणाला हात लावणं सोडून दिलं. गप्प बसलेल्या वस्तूला आणखी काय गप्प करायचं?

या नव्या वस्तूंचा एकच त्रास होता. त्यांना डोळे होते. बारीकताई पुढच्याच खोलीत, मशीनच्या शेजारी झोपायच्या. दिवा मालवला की टीव्हीच्या डब्यावर एक लाल टिंब, ओव्हनवर हिरवे आकडे, नवऱ्याच्या गाण्याच्या जुन्या यंत्रावर एक तांबूस ठिपका. ते यंत्र नवऱ्यामागे कुणी वाजवलं नव्हतं आणि त्याची पिन भिंतीतून कुणी काढलीही नव्हती. अंधारात कुणीतरी टक लावून बसलंय असं त्यांना वाटे. मग त्यांनी त्यांच्या परीनं इलाज केला. प्रत्येक वस्तूचं माप घेतलं आणि खोळी शिवल्या. वरून जाड सुती, आतून फलालीनचं मऊ अस्तर, कडेला गोट. टीव्हीच्या डब्याला, ओव्हनला, गाण्याच्या यंत्राला, मशीनखालच्या मोटरलासुद्धा एक झालर. खोली एकदम शांत दिसायला लागली. गल्लीतल्या दोघीतिघींनी तशाच खोळी शिवून मागितल्या.

आणि मग विजेचं बिल वाढलं.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, आकडा वाचायला चूक झाली. दुसऱ्यांदा वाटलं, दर वाढला असेल. तिसऱ्यांदा त्यांनी शेजारणीला विचारलं आणि तिचं बिल होतं तेवढंच होतं. त्याच सुमारास वर दिराकडे कपडे धुवायचं मोठं यंत्र आलं होतं. ते चाललं की छतातून घरघर खाली उतरायची. बारीकताई शिवता शिवता मान वर करायच्या. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

एका दुपारी त्यांनी घरातलं सगळं बंद केलं. पंखा, दिवे. टीव्ही रिमोटनं. फ्रिजचं बटणसुद्धा, दूध नासलं तर नासलं म्हणून. मधोमध उभं राहून कानोसा घेतला. कसला आवाज नाही, कुठे उजेड नाही. मग पदराला हात पुसत जिन्याखाली गेल्या आणि मीटरपुढे उभ्या राहिल्या.

ठिपका गप्प होता. त्यांना जरा बरं वाटलं. तेवढ्यात तो लुकलुकला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. सावकाश, बेरकी माणसानं डोळा मारावा तसा.

छतातून घरघर येत होती.

घरात चिटपाखरू जागं नाही, मग खातंय कोण? उत्तर त्यांनी मनात उच्चारलं नाही, पण ते वरच्या मजल्यावरच राहत होतं. भिंतींतल्या वायरी कुठून कुठे जातात, हे या घरात एकालाच ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी धाकटी नेहमीसारखी आली, सुया ओवायला बसली. बारीकताईंनी ताकास तूर लागू दिली नाही. फक्त म्हणाल्या, "तुझं ते यंत्र फार वेळ चालतं गं."

"चादरी होत्या ताई. तुमच्याही द्या की, टाकते त्यातच."

"नको. माझ्या चादरी माझ्या घरात धुतल्या जातात."

धाकटीनं दोरा दातानं तोडला आणि त्यांच्याकडे पाहिलं.

पुढे कधीतरी दीर आणि धाकटी तिच्या बहिणीकडे राहायला गेली. वरचं घर बंद, कुलूप लावलेलं. बारीकताईंना वाटलं, आता खरं-खोटं कळेल. घर पुन्हा बंद करून त्या मीटरपाशी गेल्या. ठिपका लुकलुकतच होता. एखादा म्हणाला असता, वर कुणी नाही तरी वीज जातेय, म्हणजे वरच्यांचा संबंध नाही. बारीकताई तसं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, फ्रिज. जाताना आपला फ्रिज चालू ठेवून गेलेत, आणि तो माझ्या तारेवर आहे. काविळीच्या डोळ्याला हळद काय आणि चुना काय.

दोघं परत आल्यावर जिन्यातच गाठ पडली. धाकटीच्या हातात बहिणीनं दिलेलं लोणी होतं, ते तिनं पुढे केलं. बारीकताईंनी घेतलं नाही.

"तुमच्याच फ्रिजमध्ये ठेव," त्या म्हणाल्या. "कुणाच्या का विजेवर असेना, थंड राहील."

"म्हणजे?"

"वायरी कुणाला कळतात या घरात, सगळ्यांना माहीत आहे. मी अडाणी बाई. मला फक्त लाल ठिपका दिसतो."

धाकटीचा चेहरा आधी कोरा झाला, मग तांबडा. ती वर गेली. थोड्या वेळानं दीर खाली आला. शांत माणूस. हातात स्क्रू फिरवायचा पेचकस होता, बहुधा काम करता करता उठून आला असावा. तो त्यानं खिशात घातला, जणू तो हातात दिसणंही आता बरं नव्हतं.

"वहिनी, बाहेरचा माणूस बोलवा."

"तूच बघ की. तुझंच काम आहे."

"मी मीटरला हात लावणार नाही. लावला आणि ठिपका थांबला, तर म्हणाल, आपली वायर गुपचूप काढून घेतली. नाही थांबला, तर म्हणाल, लपवतोय. बाहेरचा आणा."

"आणते."

"आणा," तो म्हणाला आणि वर गेला.

बाहेरचा वायरमन आला तो घाईतच. जिन्याखाली जाऊन त्यानं बारीकताईंचं मेन स्विच खाली पाडलं. ठिपका मेला. वर केलं. थोड्या वेळानं ठिपका परत जिवंत झाला.

"मेनच्या अलीकडे काही नाही," तो म्हणाला. "वीज तुमच्याच घरात जातेय. काहीतरी चालू राहिलंय."

"काही चालू नाही. या, बघा."

त्यांनी त्याला पुढच्या खोलीत आणलं. पडदे सोडलेले, खोळी नीटनेटक्या, मशीन झालरीआड. वायरमननं कान दिला. खोली एखाद्या झाकल्या पेटीसारखी होती.

"दिसत नाही खरं काही," त्यानं डोकं खाजवलं. "मग भिंतीतच कुठे जोड असेल तर असेल. फोडून बघावं लागेल. मी फोडत नाही, गवंडी बोलवा."

तो गेल्यावर बारीकताईंच्या मनात दोन विचार आले. मेनच्या पुढे, भिंतीच्या पोटात, वायर कुणी घातली? दिरानं. आणि हा माणूस एवढ्या लवकर का निघून गेला? एकाच धंद्यातले दोघे. शिंपी शिंप्याचं उसवत नाही, वायरमन तरी वायरमनचं कसं उघडं पाडेल. त्याला कितीही निरखलं तरी त्याच्या चेहऱ्यावर काही सापडलं नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त खटकलं.

धाकटी खाली यायची थांबली.

भांडण झालं नाही. जिन्यात दोघी भेटल्या तर धाकटी भिंतीकडे सरकून वाट द्यायची, परक्याला देतात तशी. बारीकताईंनी एका हॉटेलच्या वेटरांची जाकिटं शिवायला घेतली होती. शिलाई झाली होती, बटणं राहिली होती. उशीवरच्या ओवलेल्या सुया एकेक करून संपल्या. मग त्यांनी स्वतः प्रयत्न केला. दोरा ओला केला, टोक चपटं केलं, खिडकीशी जाऊन सुई उजेडात धरली. दोरा नेढ्याच्या या बाजूने जायचा, त्या बाजूने जायचा, आत जायचा नाही. एकदा गेला असं वाटून त्यांनी ओढला तर सुई एका हातात आणि दोरा दुसऱ्या. शेजारणीला हाक मारता आली असती. पण शेजारीण गावभर सांगेल की बारीकताईंना दिसत नाही, आणि मग कोण देईल कापड? धाकटीनं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती आता सांगेल का, अशी शंका त्यांना आली. आणि आली तशी त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली. पण लाजेनं शंका जात नाही.

हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. बारीकताई म्हणाल्या, "होतंय, होतंय." फोन ठेवून त्या उघड्या जाकिटांच्या ढिगाकडे बघत राहिल्या. वरून पावलं ऐकू येत होती, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून परत. जिन्याकडे मात्र वळत नव्हती. धाकटी खरंच चोर निघाली, तर ती गेलीच. आणि नसली, तर हे असं बोलून बसल्यावर ती कशाला येईल? दोन्हीकडून स्टूल रिकामंच राहत होतं. निदान खरं काय ते तरी कळू दे, म्हणून त्यांनी गवंड्याला बोलावणं धाडलं.

गवंडी दुसऱ्या दिवशी यायचा होता. टीव्हीमागची भिंत फोडायची, कारण वायरींचा उभा पट्टा तिथूनच वर जात होता. धुळीनं खोळी खराब होतील म्हणून बारीकताईंनी त्या आदल्या दुपारी काढून ठेवायचं ठरवलं. घर त्यांनी नेहमीच्या पद्धतीनं बंद करून ठेवलं होतं. मीटर बघायची आता खोडच लागली होती. त्यांनी टीव्हीच्या डब्याची खोळ दोन्ही हातांनी धरली.

खोळ कोमट होती.

त्यांनी हात काढला, परत ठेवला. हयातभर त्यांनी कापडाला हात लावला होता. कोरं कापड गार असतं, ऊन खाल्लेलं कापड एका बाजूनं तापतं, अंगावरून उतरलेलं कापड काखेशी आणि पाठीशी उबदार असतं. हे कापड मधोमध उबदार होतं, नुकतीच इस्त्री फिरवून घडी घातल्यासारखं. उन्हाची तिरीप तिथवर येत नव्हती. त्यांनी खोळ उलटी केली, अस्तर गालाला लावलं. फलालीनमध्ये ऊब मुरून बसली होती. आजची नव्हे, रोजची असावी अशी.

खोळीखाली डबा होता. डब्यावर लाल टिंब जळत होतं.

"टीव्ही तर बंद आहे," त्या खोलीला म्हणाल्या.

मग त्या ओव्हनकडे गेल्या. हिरवे आकडे, कुणी न विचारता वेळ सांगत होते. गाण्याच्या यंत्राची खोळ काढली, त्याच्या मागच्या बाजूला हात लावला. नवऱ्यामागे एक सूर न काढलेलं यंत्र अंगात कणकण असल्यासारखं गरम होतं. त्या खाली वाकल्या, झालर वर केली, आणि मुक्या मोटरच्या पेटीवरही एक ठिपका सापडला. भिंतीला फोनचा चार्जर नुसताच लोंबत होता. तोही कोमट. सगळीकडे कुणीतरी जागं होतं. त्यांनीच त्यांना नीट मापं घेऊन, अस्तर लावून झाकलं होतं.

बारीकताई त्या ठेंगण्या स्टुलावर बसल्या.

मग उठून त्यांनी टीव्हीची आणि त्याच्या डब्याची पिन भिंतीतून काढली आणि जिन्याखाली गेल्या. ठिपका लुकलुकला. आधीपेक्षा उशिरा, की त्यांना तसं वाटत होतं? स्वतःच्या डोळ्यांवर विसंबायचे दिवस गेले होते. परत आत येऊन आणखी एक काढायची, परत बाहेर जाऊन बघायचं, यात पाहिलेलं विसरायला होत होतं. पिना उपसायला एक माणूस हवं आणि मीटरपाशी एक. हे त्यांना कळलं, आणि कळल्याबरोबर त्यांचे पाय जिन्यापाशी अडले.

वर जाऊन त्यांनी दार वाजवलं. धाकटीनं उघडलं, पण दाराची फळी हातात तशीच धरून ठेवली.

"आता काय ताई? भिंत आमच्या बाजूनंही फोडायचीय?"

"नाही. खाली येतेस जरा?"

"कशाला?"

"मीटरपाशी उभी राहा. मी आतून सांगेन, तू बघ ठिपका काय करतो ते."

"मी? मीटरपाशी?" धाकटीचा आवाज वर गेला नाही, उलट खाली उतरला. "म्हणजे उद्या म्हणायला बरं, शेवटी मीटरजवळ हीच उभी होती."

हे वाक्य बारीकताईंचंच होतं, दुसऱ्याच्या तोंडून आलेलं.

"कुणी चोरत नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्याच घरात जात होती. मीच झाकून ठेवली होती. खोळी घालून."

"काय झाकून?"

"दिवे. बारके. डोळ्यांना टोचतात म्हणून झाकले, आणि दिसत नाहीत म्हणजे बंद आहेत असं धरून बसले. आज हात लागला तेव्हा कळलं. कापड ऊन लागलं."

धाकटीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. बारीकताई तराजूकडे बघत तसं.

"हे खरं बोलताय, की मला खाली न्यायचंय?"

"खाली ये आणि बघ."

ती आली. हाताची घडी घालून, दोन पायऱ्या मागे राहून. खोळी काढलेली खोली तिनं उंबऱ्यातूनच पाहिली, लाल, हिरवे, तांबूस ठिपके पाहिले, आणि तिचे ओठ किंचित हलले. हसली म्हणावं असं काही नव्हतं.

"यांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "म्हणाले, वहिनींच्या घरात काहीतरी चालू राहत असेल. मी म्हटलं, सांगा त्यांना. तर म्हणाले, मी सांगितलं तर पटायचं नाही."

"नसतंच पटलं."

"ते दिसतंय."

धाकटी मीटरपुढे जाऊन उभी राहिली. बारीकताई आत गेल्या.

"गाण्याचं काढलं."

"थांबा... आला. पण सावकाश."

"ओव्हन काढला."

"अजून आहे."

"मोटर. चार्जर."

मोठा खंड पडला. बारीकताई भिंतीशी वाकलेल्या, हातात काळी पिन.

"आहे अजून. जीव चिवट आहे ताई तुमच्या चोराचा. आत आणखी काय आहे?"

"काही नाही."

"मागच्या खोलीत?"

"तिथे फक्त नेटचा डबा आहे. तो नाही त्यातला."

"का? तो कुणाचा जावई लागून गेलाय?"

"अगं तो कंपनीचा आहे. त्याचं वेगळं भाडं भरते मी दर महिन्याला."

जिन्याखालून धाकटीचं हसू आलं, आधी नाकातून, मग तिला आवरेना. भिंतीला टेकून ती हसत होती, आणि हसण्यात थोडा रागही होता, इतके दिवस साठलेला.

"भाडं तारेतून येणाऱ्या नेटचं असतं ताई. डबा खातो ती तुमची वीज. कंपनी काय घास भरवायला येते त्याला?"

बारीकताईंनी मागच्या खोलीत जाऊन कपाटामागचा डबा काढला. तोही त्यांनी शिवलेल्या पिशवीत होता. पिन ओढली आणि बाहेर आल्या.

दोघी मीटरपुढे उभ्या राहिल्या. ठिपका आला नाही. त्या थांबल्या. गल्लीतून एक सायकल गेली. ठिपका आला नाही. किती वेळ आला नाही म्हणजे थांबला असं म्हणायचं, हे दोघींनाही माहीत नव्हतं, म्हणून कुणीच हलेना.

"गवंड्याला नको म्हणून कळवते," शेवटी बारीकताई म्हणाल्या.

"कळवा."

"आणि त्याला काय सांगू? माझ्या दिराला?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी मधे पडणार नाही. फार लागलंय त्यांना. स्वतःच्या घरात पेचकस खिशात लपवून फिरतात."

बारीकताईंनी मान हलवली. माफ कर, हे शब्द त्यांच्या जिभेवर आले आणि तिथेच राहिले. अशा शब्दांची त्यांना सवय नव्हती. आणि धाकटी त्यांची वाट बघत असेलसं दिसतही नव्हतं, कारण तिची नजर सरकली होती. ती शेजारच्या मीटरकडे बघत होती. वरच्या.

वरचा ठिपका लुकलुकत होता. बऱ्यापैकी घाईनं.

"फ्रिज असेल तुझा," बारीकताई म्हणाल्या.

"फ्रिज पुसायला काढलाय, बंद आहे. कपड्यांचं यंत्र चालत नाहीये. मी काही चालू ठेवून आले नाही."

तिनं हळूच मान वळवून बारीकताईंकडे पाहिलं. बारीकताईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वजन त्यांना चांगलंच ओळखीचं होतं. ते इतकी वर्षं त्यांनी टेबलाच्या अलीकडून झेललं होतं आणि अलीकडे पलीकडच्या बाजूनंही वापरून पाहिलं होतं. तपासा म्हणावं, तर स्वतःचं सगळं घर त्यांनी नुकतंच उघडं करून दाखवलं होतं.

धाकटीनंच नजर काढून घेतली. जिन्याकडे बोट केलं.

"जा वर. दार उघडंच आहे."

"मी?"

"मग कोण? माझा गुडघा दुखतो, दहादा चढउतार होणार नाही."

"तुझा कुठला गुडघा? गुडघा माझा दुखतो."

"मग हळू चढा. मी इथे बघते. तुम्ही काढा. हात लावायची परवानगी आहे, सगळीकडे. झडतीच घ्या एकदाची."

बारीकताई जिना चढल्या. त्या घरात त्या कित्येकदा गेल्या होत्या, पण आत कुणी नसताना कधीच नाही. बाहेरच्या खोलीत पलंगावर दिराचा कामाचा शर्ट पडला होता, खिशापाशी उसवलेला. खिडकीत टोपलीत अर्धवट निवडलेली भाजी. त्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. मग त्या टीव्हीपाशी गेल्या, मागे हात घातला. डबा चांगलाच तापलेला होता.

"टीव्हीचा डबा काढते," त्यांनी जिन्यातून हाक दिली. "तूही रिमोटनंच बंद करतेस ना गं?"

"तुमच्याकडे बघूनच शिकले," खालून आवाज आला. "काढा, काढा."

"काढला."

"हळू झाला. पण आहे. कपड्यांच्या यंत्राची पिन बघा, मोरीच्या दाराशी. ते बंद केलं तरी त्याचा एक दिवा राहतो म्हणतात."

"राहतो. दिसतोय मला."

"दिसतोय का? मग डोळे शाबूत आहेत म्हणायचे. उगाच मला राबवत होतात."

बारीकताईंनी पिन काढली. ती हातात धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. खालचा तो आवाज जिन्याच्या वळणातून येत होता, चिरका, टोचणारा, त्यांच्या ओळखीचा.

"काय झालं? गप्प का झालात? काय उचललंत?"

"तुझा ठिपका थांबला का ते सांग."

"थांबा, बघतेय. आणि माझं ते डाव्या हाताचं कपाट उघडू नका."

"का? काय आहे त्यात?"

"काही नाही."

"काही नाही, तर मग उघडलं म्हणून काय बिघडलं?"

"ताई."

"बरं, नाही उघडत," बारीकताई म्हणाल्या, आणि कपाटाकडे पाठ करून पुढची पिन शोधायला लागल्या.